ऊट, उठणं आणि आण्णांचं मेडिकल

निपाणीत जुन्या पी. बी. रोडला लागून आण्णांचं मेडिकल आहे. दुकानाला रीतसर नाव आहे, बोर्डावर ते लिहिलेलंही आहे. पण ते वाचून कुणी आत आलेलं मी तरी पाहिलं नाही. ‘आण्णांकडं जाऊन ये’ एवढाच त्याचा पत्ता. आईकडून कन्नड, वडिलांकडून मराठी आणि डी. फार्म.च्या पुस्तकांतून इंग्रजी अशा तीन भाषा आण्णांकडं आल्या आणि तिन्ही भाषांत ते सारख्याच सफाईनं थट्टा करतात.

“काय सर, आज कुठलं दुखणं आणलासा?” हा त्यांचा रामराम. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मी महिन्याला एकदा तिथं जातो. काम पाच मिनिटांचं असतं, पण अर्धा तास जातो. कारण गिऱ्हाईक नसलं की आण्णा काउंटरवर कोपर टेकवतात आणि जगाचं निदान सुरू करतात.

“दुखणं येतं कन्नडमध्ये, नाहीतर मराठीत. औषध येतं इंग्रजीत. बिल तेवढं सगळ्या भाषांत कळतंय बघा,” हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते त्यांनी इतक्या वेळा ऐकवलंय, की मी ते हसण्यावारी नेत आलो. त्या वाक्यात हसण्यासारखं किती कमी आहे, ते कळायला आमच्या मावशीला दवाखान्यात जावं लागलं. पण ते पुढं सांगतो.

आधी आण्णांची निरीक्षणं. लोक औषध नावानं मागत नाहीत, रंगानं मागतात. ‘ती गुलाबी द्या, गेल्या खेपेची.’ ‘पोटाची पिवळी हाय न्हवं, ती.’ कंपनीनं गोळीचा रंग बदलला, की महिनाभर आण्णांचा घसा बसतो. आतलं औषध तेच आहे हे प्रत्येकाला पटवता पटवता स्वतःलाच खोकल्याचं औषध घ्यावं लागतं. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरला विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका, अशी ती खूण. केंद्र सरकारनं २०१६मध्ये या लाल रेघेची मोहीम काढली, मुख्यतः अँटिबायोटिक लोकांनी मनानं घेऊ नयेत म्हणून. एका आजोबांनी मात्र आण्णांना सांगितलं, “ते रेघवालंच द्या, ते भारी असतंय.” धोक्याची खूण लोकांना दर्जाची खूण वाटते. आण्णा म्हणाले, “पुढारी निवडतानाबी आपलं असंच होतंय की.”

सुट्ट्या पैशांची गोष्ट तर तुम्हीही अनुभवली असेल. रुपया परत द्यायचा असला की मेडिकलवाला खोकल्याची चोखायची गोळी हातावर ठेवायचा. आण्णांनीही ते वर्षानुवर्षं केलं. मग लोक फोन दाखवून पैसे द्यायला लागले आणि बरणीतल्या गोळ्या खपेनाशा झाल्या. “सरकारला कळवायला पाहिजे सर. मोबाइल आल्यापासून गावातला निम्मा खोकला गेला,” असं ते तोंड गंभीर ठेवून सांगतात.

मात्र एका गोष्टीवर ते थट्टा करत नाहीत, चिडतात. बायका सॅनिटरी पॅड मागतात ते दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून, आणि मागताना आवाज खाली जातो. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून द्यावं लागतं. “आरोग्याची वस्तू गुंडाळून द्यायची आणि शेजारच्या टपरीवर गुटख्याच्या माळा तोरणासारख्या टांगलेल्या असायच्या. लाज कुणाला वाटायला पाहिजे होती?” या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

गुटख्यावरून आठवलं. महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली २०१२ साली आणि कर्नाटकानं २०१३ साली. मधले महिने असे गेले, की कागलमध्ये जो माल गुन्हा, तोच कोगनोळीचा नाका ओलांडला की धंदा. आण्णा त्या दिवसांना ‘सीमाप्रश्नाचा सुवर्णकाळ’ म्हणतात. गुटखा खाणाऱ्याच्या गालाला आपण कुठल्या राज्यात आहोत हे कळत नव्हतं, एवढीच त्यांची तक्रार. “जीभ दोन राज्यांत वाटून घेता येते सर, तोंडाचा कॅन्सर येत नाही.”

निपाणीत राहून तंबाखूबद्दल बोलणं तसं अवघडच. या गावाचं घर तंबाखूवर आणि बिडीवर उभं राहिलं. हजार बिड्यांच्या हिशेबानं मजुरी घेणाऱ्या बायकांनी किती पोरांची शिक्षणं केली, ते मी माझ्याच वर्गात पाहिलंय. त्याच बायका संध्याकाळी आण्णांकडं येतात. कुणाला तंबाखूच्या धुळीनं खोकला, कुणाची मान आखडलेली, कुणाच्या बोटांना मुंग्या. तंबाखूच्या पाकिटांवर चित्रासह धोक्याचा इशारा छापणं २००९पासून सक्तीचं झालं. आण्णांच्या मते भारतातली एवढीच एक खरी जाहिरात. “आपला माल घेतला तर मराल, असं छापून माल विकायचा, आणि तरीबी तो खपतो. मग खोटं बोलायची गरज काय? बाकीच्या जाहिरातवाल्यांनी इथं शिकायला यावं.”

जाहिराती हा त्यांचा आवडता विषय. काउंटरच्या काचेखाली त्यांनी कात्रणं जमवून ठेवली आहेत. सात दिवसांत मधुमेह मुळापासून बरा. महिन्यात उंची चार इंच वाढेल. बहिरेपणावर रामबाण. त्यांच्या शेजारी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी: ‘१९५४चा कायदा’. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध देशात १९५४पासून कायदा आहे. ज्या रोगांवर खात्रीच्या उपायाची जाहिरात करायला त्यानं मनाई केली, त्या यादीत मधुमेह आहे, कॅन्सर आहे, मोतीबिंदू, बहिरेपणा, लठ्ठपणा आहे आणि माणसाची उंचीसुद्धा आहे. “कायदा सत्तरी ओलांडून गेला,” आण्णा म्हणतात, “आणि जाहिरात अजून सोळा वर्षांची. रोज नवी साडी नेसून येते.”

२०२४च्या एप्रिलमधली सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी त्यांना पाठ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवरून पतंजली आयुर्वेदला वर्तमानपत्रांत माफीनामा छापावा लागला. तेव्हा न्यायालयानं विचारलं, की माफीची जाहिरात तुमच्या मूळ जाहिरातीएवढी मोठी आहे का? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा छापून आला. आण्णा त्या दिवशी इतके खूश होते, की मला चहा पाजला. “चूक केवढ्या अक्षरात केली, तेवढ्याच अक्षरात माफी मागायची. हा नियम निवडणुकीला लावला तर भिंती पुरायच्या नाहीत,” हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

सगळ्या जाहिराती वाईट, असंही ते मानत नाहीत. अमृतांजनची गोष्ट ते कौतुकानं सांगतात. काशिनाथुनी नागेश्वर राव हे तेलुगू गृहस्थ. त्यांनी १८९३मध्ये मुंबईत हे बाम सुरू केलं, आणि सुरुवातीला गाण्याच्या मैफिलींत ते फुकट वाटलं म्हणतात. “गाणं ऐकून डोकं दुखलं तर औषध हातात. जाहिरात असावी तर अशी. आधी गुण, मग पैसे.” तेलुगू माणसानं मुंबईत बनवलेलं बाम बेळगावच्या कन्नड आजीनं कपाळाला चोळलं आणि तिला बरं वाटलं, यात त्यांना भारताची राज्यघटना दिसते.

इथून गाडी राजकारणावर येते. आमच्या भागात ती कुठूनही निघाली तरी तिथंच येते.

औषधांच्या धंद्यात ‘सॉल्ट’ म्हणून शब्द आहे. गोळीचं ब्रँडचं नाव काहीही असो, आतलं मूळ औषध म्हणजे सॉल्ट. पॅरासिटामॉल एकच, पण त्याची पाकिटं किती नावांची! जेनेरिक औषधं स्वस्तात मिळावीत म्हणून २००८पासून सरकारची जनऔषधी दुकानं निघाली, ती याच हिशेबावर. आण्णा सॉल्टला सरळ ‘मीठ’ म्हणतात. “ब्रँड वेगळा, मीठ एकच,” हा त्यांचा गुरुमंत्र, आणि तो ते कुठंही लावतात. पुढाऱ्यानं पक्ष बदलला, ब्रँड वेगळा, मीठ एकच. १ नोव्हेंबर २०१४ला कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं बदलली आणि बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. तेव्हा एकानं पेढे आणले, दुसरा तोंड पाडून आला. आण्णांनी दोघांनाही तेच सांगितलं. “कुंदा तोच, कॅम्पातला पाऊस तोच. लेबल बदललं.”

महाजन आयोगावरचं त्यांचं निदान तर मी वर्गातही सांगितलं आहे. १९६६ साली आयोग नेमला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. कर्नाटकाला तो मान्य, महाराष्ट्राला अमान्य. “आयोगानं प्रिस्क्रिप्शन लिहिलं. एका पेशंटनं घेतलं, दुसऱ्यानं डॉक्टरच बदलला.” २००४मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याकडं बोट दाखवून ते हळूच पुढं जोडतात, “आता मोठ्या डॉक्टरांकडं केस आहे. पेशंटांनी धीर सोडू नये.”

पाट्यांचंही तसंच. नाक्यापलीकडं दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत हव्यात म्हणून २०२२मध्ये कायदा कडक झाला. अलीकडं २०२४मध्ये पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा असा कायदा झाला. आण्णांनी पेंटरला बोलावून बोर्ड नवा करून घेतला. टेप लावून मोजून घेतलं. मी विचारलं, वाईट वाटलं का? ते हसले. “माझं गिऱ्हाईक बोर्ड वाचत नाही सर. बोर्डावर ६० टक्के, ४० टक्के, काय ते वाटून घ्या. गोळीच्या पट्टीवर बघा. आपल्या दोघांच्या भाषा मिळून शून्य टक्के. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढलाय?”

मला ते तेव्हा नुसतं चतुर वाक्य वाटलं. सीमाभागातला विनोद असाच असतो, भांडणाच्या कडेला उभं राहून केलेला. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या ‘गणगोत’मधले ‘रावसाहेब’ बेळगावचेच, कन्नड वळणाची मराठी बोलणारे. महाराष्ट्रभर लोक ते ऐकून हसतात. पण आपण सीमाभागातली माणसं हसताना थोडं आणखी काही ऐकतो. आपल्या घरात असा एक काका असतोच, ज्याच्या तोंडात पुल्लिंग-स्त्रीलिंग सुखानं एका ताटात जेवतात. ती चूक आपल्याला चूक वाटत नाही, घरचा वास वाटतो. दोन भाषांच्या मधे घसरणं ही आमची करमणूक. त्या घसरण्यानं कुणाला लागत नाही, अशी आमची समजूत होती.

गेल्या दिवाळीत साताऱ्याहून मावशी आली. सत्तरी ओलांडलेली, पण अंगानं काटक आणि स्वभावानं स्वयंपूर्ण. गुडघा दुखत होता म्हणून तिला इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. मी कॉलेजला गेल्यावर ही एकटीच चिठ्ठी घेऊन आण्णांकडं गेली. कुणाला कशाला त्रास द्यायचा, हा तिचा बाणा.

आण्णा नेमके जेवायला घरी गेले होते. काउंटरवर हुक्केरीकडचा नवा पोरगा होता. पोरगा हुशार, वागायला नम्र, पण मराठीचा गंध नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं एक-शून्य-एक आणि पुढं ‘पी. सी.’ ही अक्षरं लॅटिन. ‘पोस्ट सिबम’, म्हणजे जेवणानंतर. म्हणजे बघा, डॉक्टरनं लॅटिनमध्ये लिहिलं, कंपनीनं इंग्रजीत छापलं, आणि पोरानं प्रामाणिकपणे कन्नडमध्ये सांगितलं: “अज्जी, येरड सल. ऊटा आद म्याल.”

वाचकहो, तुम्हाला कळलं. दोनदा, जेवण झाल्यावर. तुमच्या माझ्या घरात ‘ऊटा’ हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. मावशीनं मात्र आयुष्यात तो कधी ऐकला नव्हता. तिला ऐकू आलं ते ‘उठा’. उठा-बिठा, उठल्यावर घ्यायची. आणि दोनदा कशी? तर तिनं त्याचाही हिशेब बसवला. सकाळी उठल्यावर एक आणि दुपारची वामकुक्षी करून उठल्यावर एक. सकाळची गोळी रिकाम्या पोटी, वर नुसता चहा. दुपारची चार वाजता, तीही चहाबरोबर.

चौथ्या दिवशी तिच्या पोटात आग पडायला लागली. तिनं सांगितलं नाही. सणाचं खाणं बाधलं असेल म्हणाली. पाचव्या दिवशी पहाटे संडासाला काळं झालं आणि मोरीपाशीच तिला भोवळ आली. आम्ही तिला कोल्हापूरला हलवलं. जठरातून रक्तस्राव, डॉक्टरांनी सांगितलं. या जातीची वेदनाशामकं पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. त्यात वय जास्त. मी गोळ्या घेण्याची वेळ सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. ते असंही म्हणाले, की जेवणानंतर घेतली असती तर धोका पूर्ण टळला असता असं नाही. पूर्वी पोटाचा त्रास होता का, हे विचारायला हवं होतं. तो होता. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी कुठल्या भाषेत?

दोन रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या. मनात सारखं एकच येत होतं. मी या दोन्ही भाषांत वाढलो, ‘भाषा आणि समाज’ हा विषय पोरांना शिकवतो, आणि माझ्या घरातल्या म्हातारीला एका शब्दानं पाडलं. पाच दिवस ती रोज माझ्यासमोर चहा पीत होती. “मावशी, गोळी कधी घेतेस?” एवढं मी विचारलं नाही.

इकडं निपाणीत बातमी माझ्याआधी पोहोचली होती, आणि पोहोचताना तिचं सॉल्ट बदललं होतं. चौकात एक गट म्हणत होता, “तरी आम्ही सांगतोय, दुकानात मराठी बोलणारा माणूस पाहिजे.” दुसरा म्हणत होता, “कर्नाटकात येऊन चार शब्द कन्नड येत नाहीत, तर दोष कुणाचा?” पोराला काढून टाका, असं आण्णांना दोघातिघांनी सांगितलं. दुकानासमोर काहीतरी करू, असंही कुणीतरी बोलून गेलं. मावशीच्या पोटातलं रक्त थांबायच्या आत तिचा मुद्दा झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आण्णा कोल्हापूरला आले. हातात शहाळी, बरोबर तो पोरगा. पोरगा दारातच उभा राहिला. त्याचे डोळे सुजले होते. आण्णा खुर्चीवर बसले आणि जन्मात पहिल्यांदा मी त्यांना शब्द शोधताना पाहिलं. “मावशी, माझ्या दुकानात झालं. चूक माझी,” एवढंच ते म्हणाले.

मावशीनं त्यांच्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. हाताला सलाइन होतं. आवाज बारीक झाला होता, पण गेला नव्हता. म्हणाली, “अहो, तुमची गोळी कन्नड आणि माझं पोट मराठी. भांडणारच की!”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा हसला. मी हसलो. पोराला काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तोही रडता रडता हसला. आण्णा मात्र हसले नाहीत. शहाळ्याची पिशवी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. निघताना जिन्यात मला म्हणाले, “सर, मी आयुष्यभर ब्रँड वेगळा, मीठ एकच म्हणत आलो. भाषेलाबी तेच लावलं. चुकलं. भाषा म्हणजे लेबल न्हवं. भाषा म्हणजे डोस.”

मावशी बरी झाली. चौकातलं प्रकरण तिच्या वाक्यानं विझलं. ते वाक्य तिच्याआधी निपाणीत पोहोचलं आणि दोन्ही गटांनी ते आपापल्या भाषेत एकमेकांना ऐकवलं. पोराला आण्णांनी काढलं नाही. “त्यानं सांगितलं ते बरोबरच सांगितलं. मावशीनं ऐकलं तेबी बरोबरच ऐकलं. दोघं बरोबर असून माणूस मरायला टेकतो, तर मधल्या माणसानं काय करायचं? मधला माणूस मी,” असं ते म्हणतात.

मधल्या माणसानं काय केलं, ते सांगतो. आता आण्णांच्या दुकानात गोळ्या नुसत्या पट्टीनं मिळत नाहीत, कागदी लिफाफ्यात घालून मिळतात. लिफाफ्यावर त्या पोरानं स्केचपेननं काढलेली चित्रं असतात. डोंगरामागून वर येणारा सूर्य म्हणजे सकाळ. चंद्रकोर म्हणजे रात्र. भरलेलं ताट म्हणजे जेवणानंतर, रिकामं ताट म्हणजे जेवणाआधी. ताटात सुरुवातीला तो नुसती भाकरी काढायचा. आता वांगं आणि मिरचीही असते. पट्टी कापून द्यायची झाली तर मुदतीची तारीख कापली जाणार नाही अशा बाजूनं कापतात, नाहीतर तारीख लिफाफ्यावर लिहून देतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकाची तोंडी परीक्षा होते. “सांगा बघू, कधी घ्यायची?” आण्णा विचारतात. पोरगा तेच कन्नडमध्ये विचारतो आणि समोरचा गोंधळला की मोडक्या मराठीत. उत्तर चुकलं तर पुन्हा शिकवणी. आमच्या कॉलेजच्या तोंडी परीक्षेत नापास होणं अवघड आहे, आण्णांकडं पास होणं अवघड. रांगेतली माणसं कुरकुरतात. घाई असलेले दुसऱ्या दुकानात जातात. धंदा थोडा कमी झाला, हे आण्णा नाकारत नाहीत.

थट्टा बंद झालेली नाही. परवा एक कार्यकर्ता पोटदुखीचं औषध न्यायला आला. आण्णांनी विचारलं, “कधी घ्यायची, सांगा.” तो म्हणाला, “निवडणुकीनंतर.” आण्णांनी त्याला पास केलं.

पोरगा मराठी शिकतोय. रावसाहेबांच्या वळणाची शिकतोय. परवा मला म्हणाला, “सर, तुमची गोळी संपला काय?” मी दुरुस्त केलं नाही. कधी घ्यायची ते त्यानं बरोबर सांगितलं होतं, तेवढं मला पुरे.

काउंटरच्या काचेखाली जाहिरातींच्या कात्रणांशेजारी आता एक नवा पुठ्ठा आहे. अर्धा कन्नडमध्ये, अर्धा मराठीत, दोन्हीकडं पोराचंच अक्षर: ‘ऊट म्हणजे जेवण. उठणे नव्हे.’ मराठीतला ‘ण’ उलटा आलाय. त्याला टेप लावून कुणी अजून मोजलेलं नाही.

मावशी साताऱ्याला परत गेली. रोज रात्री नऊ वाजता तिचा फोन येतो. पूर्वी विचारायची, जेवलास का? आता फोन उचलला की पलीकडून सातारी ठसक्यात येतं, “ऊटा आतेन?” एवढं एकच वाक्य तिला येतं. पण त्याचा अर्थ तिला आपल्यापेक्षा चांगला माहीत आहे.